इमारतीतलं भूकंपयंत्र खरंच चालू आहे का, हे कसं तपासायचं?

प्रश्न बडोद्यातल्या एका 14 मजली इमारतीच्या सेक्रेटरींचा आहे. थोडक्यात असा: बिल्डरने इमारतीबरोबरच भूकंपाचे धक्के मोजणारी यंत्रणा बसवून दिली. तळघरात एक, सातव्या मजल्यावर एक आणि गच्चीवर लिफ्टच्या खोलीत एक असे 3 सेन्सर, आणि रेकॉर्डरची पेटी तळघरात. 6 वर्षं झाली, एकही भूकंप नोंदला गेलेला नाही. एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा माणूस, दर 3 महिन्यांनी येतो, हिरवा दिवा बघतो, रजिस्टरात सही करतो आणि जातो. कमिटीतले काही जण म्हणतात, बंद करा आणि पैसे वाचवा. यंत्र चालू आहे हे ओळखायचं कसं, देखभालीत नेमकं काय करून घ्यायचं, आणि लिफ्ट कंपनी यातून सिग्नल मागते आहे तो द्यावा का?

6 वर्षांत भूकंप नोंदला नाही, याचं मला आश्चर्य वाटत नाही. कच्छमध्ये लहानमोठे धक्के चालूच असतात, पण ते बडोद्यापर्यंत येईस्तोवर इतके विरतात की इमारतीत बसवलेल्या यंत्राचा ट्रिगर, म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त हललं की नोंद सुरू करणारी सोय, त्यांची दखलही घेत नाही. आश्चर्य याचं वाटतं की तुमच्या पत्रात एकाही फाइलचा उल्लेख नाही. जिवंत यंत्र कचरा गोळा करतंच. लिफ्टची मोटर झटक्यात सुरू होते, वरच्या मजल्यावर कोणीतरी एसीच्या पाइपसाठी स्लॅबला कोअर मारतो, उत्तरायणात गच्चीवर डीजेचे खोके येतात, नवरात्रात खाली पार्किंगमध्ये शेपन्नास माणसं एका ठेक्यात पाय आपटतात. वर्षाला अशा 5-10 तरी खोट्या नोंदी निघायला हव्यात. मेमरी पूर्ण कोरी असेल किंवा अलीकडची एकही नोंद नसेल तर 3 शक्यता: ट्रिगरची मर्यादा कोणीतरी भलतीच वर नेऊन ठेवली आहे, सेन्सरकडून सिग्नलच येत नाही, किंवा मेमरी कार्ड पहिल्याच वर्षी भरलं आणि यंत्र तिथेच थांबलं. ही तिसरी गोष्ट लोकांना खरी वाटत नाही, पण पुष्कळ रेकॉर्डरमध्ये ‘मेमरी भरली की थांब’ अशी सेटिंग असते. दिवा हिरवाच राहतो. तो फक्त वीज येते आहे एवढंच सांगतो.

तेव्हा पहिलं काम हे करा. पुढच्या वेळी एएमसीवाला आला की त्याला सही करू देऊ नका, फाइल मागा. लॅपटॉप जोडून रेकॉर्डर हाताने सुरू करायला लावा, म्हणजे मॅन्युअल रेकॉर्डिंग. मग तुमच्यापैकी एकाने तळघरातल्या सेन्सरपासून हातभर अंतरावर उभं राहायचं, दोन्ही टाचा उचलायच्या आणि अंग सैल सोडून एकदम खाली टेकवायच्या. 10 सेकंद थांबून पुन्हा. असं 3 वेळा. मोबाइलवर वेळ सेकंदासकट लिहून ठेवायची. मग सातव्या मजल्यावर तेच, मग गच्चीवर तेच. रेकॉर्डिंग थांबवून फाइल त्याच ठिकाणी उघडून बघायची. नुसतं ट्रिगर व्हायची वाट बघू नका, कारण अशा यंत्रणेत बहुतेकदा मतदानाची पद्धत असते: प्रत्येक सेन्सरचे 3 चॅनल, एक उभा आणि 2 आडवे, अशा 9 पैकी किमान 3-4 चॅनल एकदम हलले तरच नोंद सुरू होते. एका माणसाच्या टाचांनी ते होणार नाही, आणि होऊही नये.

फाइलमध्ये काय बघायचं? तळघरात टाचा आपटल्या त्या वेळी तळघराच्या उभ्या चॅनलवर 3 टोकदार खुणा दिसल्या पाहिजेत, आडव्या 2 चॅनलवर बारीकशा. त्या जर गच्चीच्या नावाच्या चॅनलवर दिसल्या, तर केबलींची अदलाबदल झाली आहे. हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. रंगकाम किंवा वायरिंगचं काम निघतं, कनेक्टर काढले जातात, परत लावताना जो हाताला येतो तो लावला जातो. त्यानंतर खरा भूकंप आला तरी नोंद सांगेल की तळघर जास्त हललं आणि गच्ची कमी. कोणी तज्ज्ञ ती बघून डोकं धरून बसेल. एखादा चॅनल अगदी सपाट, रेघ आखल्यासारखा असेल तर तो मेला आहे. जिवंत चॅनलवर बारीक थरथर असतेच. आणि सगळ्यांवर सारखीच दाट लव दिसत असेल तर 50 हर्ट्झची वीज आत शिरली आहे, म्हणजे अर्थिंग किंवा केबलचं शील्ड तपासा. आजकाल गुजरातेत गच्ची-गच्चीवर सोलर पॅनल आले आहेत. त्यांच्या इन्व्हर्टरच्या केबली सेन्सरच्या केबलीला खेटून एकाच ट्रेमधून नेल्या की हाच त्रास होतो. ट्रे वेगळा करायला सांगा.

आता कमिटीच्या ‘कशाला हवं’ या प्रश्नाबद्दल. 26 जानेवारी 2001 ला सकाळी 8 वाजून 46 मिनिटांनी भूज-भचाऊ भागात 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून 200 किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. बडोदा त्याहूनही लांब, 300 किलोमीटरहून जास्त अंतरावर, तरी इथे झेंडावंदनाला उभी असलेली माणसं पायाखालची जमीन हलताना आजही आठवतात. अहमदाबादेत त्या दिवशी पासपोर्ट ऑफिसच्या कर्मचारी निवासाच्या इमारतीत, तळमजला अधिक 9 मजले अशा, रुरकी विद्यापीठाने बसवलेली यंत्रं होती आणि ती चालू होती. जमिनीलगत साधारण 0.11 जी (1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) एवढं त्वरण नोंदलं गेलं. एवढ्या लांबून आलेल्या, हळू झुलणाऱ्या लाटांनी उंच इमारत मजल्यागणिक कशी हलली, हे सांगणारी नोंद म्हणून अभ्यासक ती आजही वापरतात. आपल्या मराठी लोकांना जवळचं उदाहरण हवं तर कोयना. 11 डिसेंबर 1967 च्या धक्क्यात धरणाच्या आतल्या यंत्राने 0.63 जीपर्यंतची नोंद दिली आणि जगभर काँक्रीटच्या धरणांची गणितं त्या नोंदीवर तपासली गेली. दोन्हीकडे यंत्र त्या मिनिटाला जागं होतं, म्हणूनच.

बडोदा 2016 च्या आयएस 1893 प्रमाणे, म्हणजे इमारतींच्या भूकंपसुरक्षेच्या भारतीय मानकाप्रमाणे, तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येतं. शिवाय धोका फक्त कच्छकडून आहे असं नाही. 23 मार्च 1970 ला भरूचला 5.4 चा धक्का बसला होता, माणसं गेली होती, आणि भरूच इथून 70 किलोमीटरवर आहे. अशा धक्क्यानंतर लोक खाली पार्किंगमध्ये जमतात आणि सेक्रेटरीला विचारतात, वर जायचं का? भिंतीच्या प्लास्टरला तडे दिसतात, ते गिलाव्याचे की कॉलमचे हे डोळ्यांनी सांगता येत नाही. तळाची आणि गच्चीची नोंद हातात असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर तासाभरात काहीतरी ठोस बोलू शकतो. नसेल तर तो स्वतःला वाचवण्यासाठी ‘8 दिवस रिकामी ठेवा’ म्हणणार. 14 मजल्यांच्या लोकांनी 8 दिवस कुठे जायचं, हा खर्च कमिटीने एएमसीच्या रकमेशेजारी मांडून बघावा.

देखभालीत माझ्या मते निम्म्याहून जास्त लक्ष बॅटरीला द्यावं. मोठा धक्का बसला की वीज जाते, बहुतेकदा हलणं थांबायच्या आतच. त्यापुढचं सगळं त्या 12 व्होल्टच्या एसएमएफ (सीलबंद, पाणी न घालावं लागणाऱ्या) बॅटरीवर. आणि चार्जर लावलेला असताना मेलेली बॅटरीसुद्धा मीटरवर साडेतेरा-पावणेचौदा व्होल्ट दाखवते, कारण तो आकडा चार्जरचा असतो. खरी परीक्षा एकच: मेन्स काढून घ्यायची आणि रेकॉर्डर बॅटरीवर चालू ठेवायचा. सकाळी 10 ला काढली तर दुसऱ्या दिवशी सकाळी 10 ला तो चालूच असला पाहिजे. संध्याकाळपर्यंत साडेअकरा व्होल्टच्या खाली उतरली तर बदला, चर्चा नको. वाढलेल्या प्रत्येक 10 अंशाला या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. कंपनी 25 अंशाला 5 वर्षं म्हणते. बडोद्याच्या मे महिन्यात बंद पेटीत काय तापमान असतं हे हात लावून बघा. मी 3 वर्षांनी डोळे मिटून बदलायला सांगतो आणि बॅटरीवर मार्करने तारीख लिहून घेतो. इमारतीच्या यूपीएसवर किंवा जनरेटरवर विसंबू नका. एमजीव्हीसीएलची वीज जाऊन जनरेटर उचलतो त्या क्षणी येणारे झटके तर यंत्राच्या पॉवर सप्लायचे शत्रूच आहेत, त्यासाठी चांगला सर्ज प्रोटेक्टर हवा. आणि पेटीजवळच्या सॉकेटमध्ये वॉचमनचा मोबाइल चार्जर दिसला तर त्याला दुसरा सॉकेट काढून द्या. नुसतं रागावून उपयोग नाही, कारण रात्री तो पुन्हा तुमचाच प्लग काढणार.

दुसरी मोठी गोष्ट पाणी. रेकॉर्डर तळघरात आहे हे वाचूनच मला धाकधूक झाली. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीने 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा शहरातली किती तळघरं भरली हे तुम्हाला मी सांगायला नको. 2019 च्या जुलैअखेरीलाही तेच झालं होतं. तळाचा सेन्सर पायाच्या पातळीवरच हवा, तो हलवू नका. पण तो पाण्यात टिकेल अशा सीलबंद डब्यात असला पाहिजे. रेकॉर्डरला मात्र तळघरात राहायचं काहीच कारण नाही. तळमजल्यावर, मीटर रूममध्ये नव्हे तर तिच्या बाहेर, छातीच्या उंचीवर आरसीसी भिंतीला पेटी लावा. केबल पेटीत वरून न घेता खालून घ्या आणि आत शिरण्याआधी तिला एक झोळ द्या, म्हणजे केबलीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाला गळून पडतं. पेटीतली सिलिका जेलची पुडी पावसाळ्याआधी बदलायची. आणि पाण्यात बुडालेलं यंत्र ‘चालतंय का बघू’ म्हणून लगेच सुरू करू नका. बॅटरी सोडवा, आतून पूर्ण वाळू द्या, मग सर्व्हिसला पाठवा. घाईत स्विच दाबल्याने वाचण्यासारखे बोर्ड जळतात.

सेन्सर कुठे आणि कसा बसला आहे तेही एकदा बघा. तो स्लॅबला, बीमला किंवा कॉलमच्या पायथ्याला अँकर बोल्टने घट्ट धरलेला हवा. पार्टिशनच्या भिंतीवर किंवा फॉल्स सीलिंगच्या चॅनलवर असेल तर तो इमारतीची नाही, त्या भिंतीची हालचाल नोंदवतो. तुमचा गच्चीचा सेन्सर लिफ्टच्या खोलीत आहे, ते मला पसंत नाही. मोटरच्या पायापासून जितका लांब नेता येईल तितका न्या, पाण्याच्या टाकीच्या पंपापासूनही. पण हलवलात तर नवी जागा नकाशावर लिहा आणि एक्स-वाय दिशा इमारतीच्या कोणत्या बाजूला आहेत ते बाण काढून दाखवा. या कामात लोक हटकून कंटाळा करतात. सेन्सरवरचा बाण पूर्वेला होता की जिन्याच्या बाजूला, हे 5 वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही.

प्रत्येक भेटीत सगळ्या चॅनलचा ऑफसेट, म्हणजे स्थिर असताना दिसणारा आकडा, लिहून ठेवायला लावा. थोडाफार तो ऋतूप्रमाणे सरकतो, त्याची काळजी नाही. पण आडव्या चॅनलवर 1 मिली-जीचा (जीच्या हजाराव्या भागाचा) फरक म्हणजे सेन्सर साधारण 0.06 अंश कलला, असा सरळ हिशोब असतो. त्यामुळे 2 भेटींच्या मधे आकडा एकदम 10-15 मिली-जीने उडाला तर बोल्ट सैल झालाय, कोणीतरी त्यावर पाय देऊन चढलंय किंवा आत पाणी गेलंय. ज्यांच्याकडे बागेत वेगळा, मोकळ्या जमिनीवरचा सेन्सर असतो त्यांना हा त्रास जास्त. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा काँक्रीटचा ओटा तिच्याबरोबर कलतो. तुमच्याकडे तो प्रकार नाही, सुटलात.

2 वर्षांतून एकदा सेन्सर जागेवरून काढून कलवून तपासावा. 30 अंशाच्या ठोकळ्यावर ठेवला की आडव्या चॅनलवर अर्धा जी दिसायलाच हवा, उलट बाजूला ठेवला की उणे अर्धा. गुरुत्वाकर्षण फुकटात मिळणारं प्रमाण आहे, त्याला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र लागत नाही. फोर्स बॅलन्स जातीचा, म्हणजे आतलं वजन कॉइलच्या जोराने जागेवर धरणारा, सेन्सर असेल तर रेकॉर्डरमधून त्याच्या कॉइलला एक ठरावीक पल्स पाठवता येतो. ही फंक्शनल टेस्ट दर भेटीला घ्या आणि आलेख पहिल्या वर्षीच्या आलेखावर ठेवून बघा. आकार बदलला असेल तर सेन्सर आतून बिघडत चालला आहे.

वेळ. जीपीएसचा अँटेना गच्चीवर असतो आणि बडोद्यात गच्ची वर्षातून 2 दिवस पतंगवाल्यांची असते. 14 जानेवारी आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण झाली की 16 तारखेला वर जाऊन बघा: दोरीचा गुंता अँटेनाच्या दांड्याला आणि केबलीला पडलेला असतो, तो ओढून काढताना केबल कनेक्टरपाशी उपटली जाते. ओढू नका, कात्रीने कापा. पुढच्या पावसात त्या सैल कनेक्टरमधून पाणी आत जातं, सॅटेलाइट दिसेनासे होतात आणि घड्याळ आपल्या मनाने चालू लागतं. तुमचे तिन्ही सेन्सर एकाच रेकॉर्डरला आहेत, त्यामुळे मजल्यामजल्यांमधला आपसातला वेळ बिघडणार नाही, एवढं समाधान आहे. पण नोंद कोणत्या भूकंपाची हे ठरवायला गांधीनगरच्या आयएसआर या भूकंपसंशोधन संस्थेच्या नोंदीशी वेळ जुळवावी लागते, तिथे 10 मिनिटांची चूक महाग पडते. घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, ठेवा, साडेपाच तास नंतर मिळवता येतात. अर्धी यंत्रं यूटीसीवर आणि अर्धी भारतीय वेळेवर असली की घोळ ठरलेला. जुना रिसीव्हर असेल तर तारीखही बघा. जीपीएसमधला आठवड्यांचा आकडा 1024 झाला की शून्यावर येतो, 2019 च्या एप्रिलमध्ये तसं झालं तेव्हा काही जुनी यंत्रं जवळपास 20 वर्षं मागे गेली होती.

मेमरीबद्दल माझं मत थोडं आग्रही आहे. 9 चॅनल, सेकंदाला 200 नमुने, प्रत्येकी 4 बाइट धरले तर दिवसाला साधारण 600 एमबी होतात. 64 जीबीच्या कार्डावर 100 दिवस राहतात. रेकॉर्डर जमू देत असेल तर अखंड नोंद चालू ठेवा, जुनं पुसून नवं लिहिणारी, आणि ट्रिगरच्या फाइली वेगळ्या. मग ट्रिगरची मर्यादा चुकली तरी भूकंप हातचा जात नाही. खोट्या नोंदी फार येतात म्हणून एएमसीवाला मर्यादा वाढवू म्हणाला तर हो म्हणू नका. आधी कोणता चॅनल बडबडतोय ते शोधून त्याचं मत काढून घ्या. अखंड नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. पहाटे 3 ला, लिफ्ट-पंप बंद असताना, गच्चीची 20 मिनिटांची नोंद घेऊन तिचा स्पेक्ट्रम काढला की इमारतीची स्वतःची झुलण्याची गती दिसते. 44 मीटर उंची आणि पायाशी 25 मीटर लांबी असेल तर आयएस 1893 च्या सूत्राने आवर्तकाल, म्हणजे एक झोका पूर्ण व्हायचा वेळ, 0.8 सेकंदाच्या आसपास येतो. प्रत्यक्षातला आकडा बहुतेकदा त्याहून थोडा कमी निघतो. तो दरवर्षी लिहून ठेवा. भूकंपानंतर तो ठळकपणे वाढला, तर इमारतीचा ताठपणा कमी झाला आहे आणि इंजिनिअरने कॉलम उघडून बघायला हवेत.

एएमसीच्या करारात 3 ओळी घालून घ्या: दर भेटीची मूळ फाइल सोसायटीला पेनड्राइव्हवर मिळेल, पासवर्ड आणि सॉफ्टवेअरची प्रत सोसायटीकडे राहील, आणि फाइल सर्वांना वाचता येईल अशा साध्या टेक्स्टमध्येही दिली जाईल. एका इमारतीत पुरवठादाराने गाशा गुंडाळला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. यंत्र नोंदी घेत होतं, पण त्या बाहेर काढायची सोय नव्हती.

राहिला लिफ्टचा प्रश्न. रेकॉर्डरच्या मागे रिलेचा, म्हणजे यंत्राने आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचचा, संपर्क असतो आणि तो लिफ्टच्या पॅनलला जोडता येतो, हे खरं. धक्क्याच्या वेळी लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडते, कल्पना चांगली आहे. पण तुमच्या सध्याच्या यंत्रणेवरून तो देऊ नका. 6 वर्षं कोणी फाइल उघडून बघितलेली नाही अशा यंत्रावर माणसांनी भरलेली लिफ्ट सोपवायची नसते. शिवाय रेकॉर्डरचा ट्रिगर मुद्दाम हळवा ठेवलेला असतो; तोच सिग्नल लिफ्टला दिला तर गरब्याच्या रात्री लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबेल आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी ती वायर कापून टाकेल. लिफ्टसाठी वेगळा सिस्मिक स्विच मिळतो, तो लिफ्ट कंपनीने आपल्या जबाबदारीवर लावावा, आणि वर्षातून एकदा तुमच्यासमोर, रिकामी लिफ्ट चालवून, तपासून दाखवावा.